रेशनकार्डाचं पहिलं पान

शहापूरच्या एका शाळेत मी प्रयोगशाळा सहायक होतो आणि संध्याकाळी कराटे शिकवत होतो. नोकरीबद्दल सांगण्यासारखं फार नाही. परीक्षानळ्या धुवायच्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, प्रॅक्टिकलच्या दिवशी स्पिरिटचे दिवे भरून ठेवायचे. क्लास मात्र मी एकोणीस वर्षं चालवला. सोमवार, बुधवार, शुक्रवार आमच्याच शाळेच्या हॉलमध्ये, मंगळवारी आणि शनिवारी मुरबाडला, आणि रविवारी सकाळी दोन्हीकडची मोठी मुलं एकत्र शहापूरला. आता क्लास बंद आहे. गुडघा गेला म्हणून बंद केला, असं मी लोकांना सांगतो. गुडघा खरंच गेला आहे.

इथे मी फक्त फीबद्दल लिहिणार आहे. माझ्या हातून जे वाईट झालं ते मुलांना मारताना-झोडताना झालं नाही, फी ठरवताना झालं. हेतू चांगला होता, हे लिहायचा मोह होतो. होता चांगला. तेवढं लिहून पुढे जातो.

पहिली सात-आठ वर्षं फी अशी लिहिलेली नव्हती. एक आकडा होता, पण तो तोंडी. पालक आले की मी माणूस बघून सांगायचो. पायात काय आहे, नोकरीला आहेत की शेतीवर, पोराचा शर्ट कसा आहे. कुणी म्हटलं, भाताची झोडणी झाली की देतो, तर थांबायचो. काहींना माफच करायचो. घरी बायको म्हणायची, क्लास काढलाय की धर्मशाळा? ती चिडून म्हणायची आणि मला ते ऐकून बरं वाटायचं.

एका शुक्रवारी क्लास चालू असताना एक पालक दारात येऊन उभे राहिले. सापगावचे. रेल्वेत गँगमन होते, उंबरमाळीच्या बाजूला रुळांवर काम. त्यांची भाची माझ्याकडे तीन वर्षं येत होती, आणि तिची फी ते दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात स्वतः आणून द्यायचे. मी मुलांना पंचेस मोजायला लावून बाहेर आलो. ते चपला बाहेर काढून उभे होते, आत यायला तयार नव्हते.

"सर, एक विचारू का? तुमच्या आळीतली पोरं फुकट शिकतात ना?"

मी म्हणालो, त्यांची परिस्थिती नाही.

"आमच्या वस्तीतली पाच येतात. पाचांची फी घेता तुमी. परिस्थिती कोनाची किती, ते कशावरनं बघता?"

 त्यांचा आवाज चढलेला नव्हता. रोजच्या फेरीत रूळ तपासताना माणूस जसा बघत असेल तसे ते माझ्याकडे बघत होते.

"मना माफी नको," ते म्हणाले. "नियम करा. लिवून लावा भितीवर. सगळ्यांना सारखा."

त्या दिवशी घरी जाऊन मी माफी दिलेल्या मुलांची यादी केली. अकरा मुलं होती. नऊ माझ्याच समाजातली आणि दोन शेजारची. मी कुणाची जात कधी विचारली नव्हती. विचारायची गरज पडली नव्हती, एवढंच. ज्यांच्या घरी मी चहा प्यायलो होतो त्यांची गरिबी मला दिसत होती. सापगावच्या त्या वस्तीत मी एकदाही गेलो नव्हतो.

मला लाज वाटली. ती खरी लाज होती, आणि बहुतेक ती मला झालेली शेवटची खरी भावना असावी, कारण पुढचं सगळं मी नियमानं केलं.

त्याच सुमाराला रेशनकार्डांना तीन रंग आले. पिवळं, केशरी आणि पांढरं. तहसील कचेरीत रांगा लागत होत्या, ज्याच्या त्याच्या तोंडी कुणाला कुठलं मिळालं हीच गोष्ट. शाळेच्या स्टाफरूममध्ये दोन शिक्षक केशरीवरून भांडले होते. मला एकदम सुचलं. सरकारनं घरोघरचं उत्पन्न बघून रंग ठरवले आहेत. मी माणूस बघायचं कारण नाही. कार्ड बघायचं.

मी एक पत्र्याचा तक्ता रंगवून घेतला. पांढरं कार्ड, पूर्ण फी. केशरी, निम्मी. पिवळं, नावापुरती. बेल्टच्या परीक्षेलाही तेच प्रमाण. खाली ओळ लिहिली होती की हा नियम सर्वांना सारखा लागू राहील, कुणीही सवलतीसाठी वेगळी विनंती करू नये. प्रत्येकानं कार्डाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स आणायची. सगळं कार्ड नको, उगाच लोकांना जास्त पानांचा खर्च कशाला. पहिल्या पानावर कुटुंबप्रमुखाचं नाव आणि फोटो असायचा, तेवढं पुरे. झेरॉक्समध्ये रंग कळत नसे, म्हणून मूळ कार्ड न उघडता, बाहेरूनच बघून मी झेरॉक्सच्या कोपऱ्यात लाल पेननं रंगाचं नाव लिहायचो आणि फाईलला लावायचो. प्रयोगशाळेत बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायचंच काम मी रोज करत होतो. हे त्याहून सोपं होतं.

गँगमन दादांनी तक्ता वाचला आणि मान हलवली. त्यांचं कार्ड केशरी होतं. भाचीची फी निम्मी झाली. तिनंच झेरॉक्स आणून दिली, एक पान, घडी न घालता वहीत ठेवून.

कल्याणला आमचे मुख्य सर होते, ज्यांच्याकडे मी शिकलो आणि ज्यांच्या सहीनं बेल्टच्या परीक्षा व्हायच्या. त्यांना ही पद्धत फार आवडली. त्यांनी इतर क्लासवाल्यांसमोर माझं नाव घेतलं. नंतर आणखी दोन-तीन ठिकाणी असे तक्ते लागले. मी तेव्हा खूश झालो असेन. मला आठवत नाही.

मुलांनी मात्र दोन महिन्यांत रंग पाठ केले. हॉलमध्ये चटया घालायचं काम पाळीपाळीनं होतं, ते कधी पिवळ्या कार्डवाल्यांवर आलं मला कळलंही नाही. "ए पिवळ्या, चटई टाक" असं एक जण म्हणाला आणि दुसऱ्यानं टाकली, इतकं ते सहज झालं होतं. एकदा एका लहानग्यानं मला विचारलं, "सर, माझं कार्ड केशरी न् बेल्ट पिवळा, ह्याचं कार्ड पिवळं न् बेल्ट केशरी. आमी अदलाबदल करू का?" सगळे हसले. मीही हसलो. हॉल वेळेवर झाडलेला असायचा, म्हणून मी चटयांचं कधी काही बोललो नाही. गँगमन दादांची भाची तेव्हा चौदा-पंधराची असेल. तिचं कार्ड केशरी होतं, पण तीही त्या पोरांबरोबर चटया उचलायला लागली. मी तिला विचारलं नाही की का.

ती चांगली होती. किती चांगली, ते मला इतक्या वर्षांत कुणाला नीट सांगता आलं नाही. जोर फार नव्हता. पण काता करताना, म्हणजे ठरलेल्या चालींचा क्रम एकट्यानं करायचा असतो तेव्हा, तिचं कुठलंच पाऊल घाईत पडायचं नाही. लहान मुलांचा पहिला अर्धा तास ती घ्यायला लागली तेव्हा मुलं माझ्यापेक्षा तिचं जास्त ऐकायची. ती ओरडत नसे. चुकलेल्या मुलाच्या शेजारी जाऊन उभी राहायची आणि तीच चाल स्वतः करायची, तो बघून सुधारेपर्यंत.

मुरबाडचा क्लास एका मोठ्या दुकानाच्या माडीवर होता. दुकान, दोन ट्रक आणि वीटभट्टी असलेल्या एका शेठनं ती जागा मला फुकट दिली होती. लाइटबिलही तेच भरत. मुरबाडला रेल्वे नाही. किन्हवलीवरून एसटीनं जायचं, परत यायला शेवटची गाडी चुकली तर जीप बघायची, आणि वर भाड्याची जागा घ्यायची तर क्लास परवडलाच नसता. शेठचा मुलगा माझ्याकडे होता. नियम आला तेव्हा त्यानंही झेरॉक्स आणली. मूळ कार्ड त्यानं दाखवलं. पिवळं होतं.

मी ते हातात घेतलं, उलटसुलट बघितलं आणि परत दिलं. खाली रस्त्यावर त्यांचा ट्रक उभा होता, त्यातून सिमेंट उतरत होतं. मी कोपऱ्यात लाल पेननं लिहिलं, पिवळं. कार्ड कुणाला कुठलं द्यायचं हे मी ठरवत नाही, मी काही तहसीलदार नाही, हे मी तेव्हा मनात म्हटलेलं मला स्पष्ट आठवतं. तेच वाक्य मी पुढची तीन वर्षं दर महिन्याला त्याची नावापुरती फी घेताना म्हणत आलो, आणि हळूहळू म्हणावंही लागेना. मुलाचा यात काही दोष नव्हता. साधा, मेहनती मुलगा होता.

दरवर्षी आम्ही शाळेच्या मैदानावर प्रात्यक्षिकं करायचो. कौलं फोडायची, मुलांच्या लढती दाखवायच्या. तिथे एक पेटी ठेवत असू, आणि तीत जमेल त्यातून पिवळ्या कार्डवाल्या एका विद्यार्थ्याची ब्लॅक बेल्टच्या परीक्षेची फी भरायची, असं तक्त्यावर मी नंतर वाढवलं होतं. ब्लॅक बेल्टची फी मोठी असायची. ती कल्याणच्या सरांकडे जायची आणि त्यांच्याकडून आणखी वर. तिच्यात माझी निम्मी, नावापुरती चालत नसे.

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या वर्षी दोन विद्यार्थी परीक्षेला तयार होते. शेठचा मुलगा आणि ती. ती अठराची झाली होती, बारावी होऊन घरी होती.

त्याच वर्षी मुरबाडजवळच्या एका मुलींच्या वसतिगृहाच्या बाई मला भेटायला आल्या. त्यांना मुलींना कराटे शिकवायला कुणीतरी बाईमाणूस हवी होती, पगारावर, राहायची सोय करून. मी तिचं नाव सांगितलं. त्यांनी एका शुक्रवारी येऊन तिला लहान मुलांना शिकवताना बघितलं आणि त्यांना ती पसंत पडली. फक्त त्यांच्या संस्थेला ब्लॅक बेल्टचं सर्टिफिकेट लागणार होतं. जूनला शाळा उघडायच्या आत. परीक्षा एप्रिलच्या शेवटी कल्याणला होती. सगळं जुळत होतं, फक्त फी भरायची होती.

पेटी एकाची फी भरण्याएवढीच भरली होती. तक्त्यावर लिहिलं होतं, पिवळं कार्ड. मी मुलाचं नाव कल्याणला कळवलं.

दोन दिवसांनी तिची आई आणि ती शाळेत आल्या. दुपारची वेळ होती. मी प्रयोगशाळेत वार्षिक परीक्षेनंतरची आवराआवर करत होतो. आईला मी त्याआधी लांबून पाहिलं होतं, बोललो नव्हतो. वडील ती लहान असतानाच गेले होते आणि दोघी मामाकडे आल्या होत्या, एवढं मला माहीत होतं. मी स्टूल पुढे केलं. आई बसली नाही. ती काचेच्या वस्तूंपासून जरा अंतर ठेवून उभी राहिली.

ती म्हणाली की पोरीनं तिला काही सांगितलं नव्हतं, वसतिगृहाच्या बाईंचं भावाकडून कळलं. भावाच्या मुलीचं लग्न त्याच महिन्यात होतं, त्याच्याकडे आता मागता येणार नव्हतं. मग ती मला समजावून सांगू लागली, सावकाश, जसं कचेरीतल्या माणसाला सांगायची तिला सवय झाली असावी.

"कार्ड भावाचं हाय, सर. आमी दोघी त्याच्या पडवीत राहातो. चूल येगळी हाय आमची. तांदूल तो देतो, बाकीचं माझं मी बघते. भेंडीच्या पॅकिंगला जाते मी."

मी म्हणालो, मग वेगळं कार्ड काढून घ्यायचं.

"अर्ज दिलाय दोन वेळा. घराचा नंबर येगळा दाखवा म्हनतात. पडवीला नंबर नाय."

मुलगी खिडकीपाशी उभी होती आणि बाहेर मैदानाकडे बघत होती. मी हातातली परीक्षानळी पुसत होतो. ती पुसून झाली होती तरी पुसत होतो. मला तेव्हा काय वाटत होतं हे मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. काही वाटत नव्हतं. कान आणि डोळे चालू होते, मध्ये काही नव्हतं. शेठच्या मुलाचं कार्ड मला आठवलं, सिमेंट उतरवणारा ट्रकही आठवला, आणि ते आठवून पुन्हा जागच्या जागी गेलं. मी ते बोलून दाखवलं असतं तर माडी गेली असती.

"ताई," मी म्हणालो, "नियम एकासाठी मोडला की उद्या सगळेच येतील."

 तेवढ्यावर मी थांबायला हवं होतं.

"आणि हा नियम तुमच्या भावानंच करायला लावलाय मला."

हे मी मुलीसमोर बोललो. हलक्या आवाजात, समजूत घातल्यासारखं.

आईनं मान हलवली. "तो बरोबरच बोलला व्हता," ती म्हणाली. मग, जणू सहज, तिनं विचारलं, "सर, कार्डात आमची नावं लिवलीत. तो कर्ता, मी त्याची बहीण, ही भाची. आतल्या पानावर हाय. तुमी वाचलं व्हतं ना?"

"वाचलं," मी म्हणालो.

मुलीनं खिडकीतून मान वळवून माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग म्हणाली, "चल आये." दोघी गेल्या. जाताना मुलीनं वाकून मला नमस्कार केला, क्लासमध्ये हॉलबाहेर पडताना करायचा असतो तसा. तो मी शिकवलेला होता.

माझ्या पगारातून मला तिची फी भरता आली असती. ते मला सुचलं नाही असं नाही. पण मग मी पुन्हा माणूस बघून माफ करणारा झालो असतो, आणि तेच तर मी सोडलं होतं, असं मी स्वतःला सांगितलं. ते सांगताना मला पटलं होतं की नव्हतं, ते आता कळत नाही. सांगितलं, आणि संध्याकाळी क्लास घेतला.

शेठचा मुलगा पास झाला. त्याचा काता स्वच्छ होता, लढत बरी होती. पुढच्या शनिवारी शेठनं माडीवर पेढे पाठवले आणि स्वतः येऊन क्लासला देणगी दिली. ती देणगी त्याच्या परीक्षेच्या फीपेक्षा मोठी होती. ते हसत म्हणाले, "सर, तुमची पेटी रिकामी केली ना आमच्या पोरानं. ही घ्या, पुढच्या गरिबाला होईल." मी पावती फाडली.  पुढची परीक्षा वर्षानं होती.

वसतिगृहाच्या बाईंना मी निरोप दिला की यंदा जमलं नाही. त्यांनी कल्याणहून दुसरी कुणी आणली. शेठच्या मुलानं वर्षभरात कराटे सोडलं आणि ट्रकांचं काम बघायला लागला. त्या बेल्टचा त्याला काही उपयोग नव्हता, त्यानं तो मागितलाही नव्हता. मीच त्याचं नाव दिलं होतं.

ती त्यानंतरही येत राहिली, हे मला सगळ्यात कठीण जातं. सोमवारी आली, लहान मुलांचा अर्धा तास घेतला, चटया उचलल्या, गेली. बुधवारीही. मला वाटलं, तिनं समजून घेतलं. जूनमध्ये पेरण्या सुरू झाल्या तशी मुलं कमी झाली, आणि एका आठवड्यात ती आली नाही, मग आलीच नाही. एका लहान मुलीनं विचारलं, ताई कुठंय सर? मी म्हणालो, येईल. मी सापगावला गेलो नाही. शहापूरहून सापगाव सायकलवर जाण्याएवढं जवळ आहे.

गँगमन दादा अधूनमधून रस्त्यात दिसायचे. त्यांनी कधी मला टाळलं नाही. "जय भीम सर, बरं हाय?" म्हणायचे आणि पुढे जायचे. त्यांनी नियमाबद्दल पुन्हा एक शब्द काढला नाही. मीही नाही.

तक्ता भिंतीवर होता. मी वर्षानुवर्षं झेरॉक्सवर रंगांची नावं लिहीत राहिलो. या काळाबद्दल मला विचारलं तर मी तारखा सांगू शकतो, कोण कुठल्या बेल्टला पास झालं ते सांगू शकतो. माझं स्वतःचं काही सांगू शकत नाही. बायको एकदा म्हणाली, तुम्ही हल्ली क्लासवरून येता ते दुकान बंद करून आल्यासारखे येता. मी म्हणालो, दमतो आता.

सहा-सात वर्षांनी ती मला मुरबाडच्या एसटी स्टँडवर भेटली. मी शहापूरची गाडी बघत होतो, ती कल्याणच्या जीपसाठी उभी होती. बरोबर चार-पाच वर्षांची मुलगी. तिनंच मला हाक मारली. मी लंगडत होतो, ते तिनं आधी बघितलं.

"गुडघा काय सर? उजवा?"

मी म्हणालो, हो. तिनं विचारलं, सूज येते का, मी शेकतो की नाही. मग आपलं सांगितलं. लग्न होऊन भिवंडीच्या बाजूला दिली होती, नवरा गोदामात सुपरवायझर होता, तीही तिथेच पॅकिंगला होती. मामा रिटायर झाले होते. आई बरी होती. म्हसोबाच्या जत्रेला आली होती, नवऱ्याच्या बहिणीकडे. ती बोलत होती आणि मुलगी तिच्या ओढणीचं टोक दातात धरून माझ्याकडे बघत होती.

मला बोलायचं होतं. मी वर्षानुवर्षं ते वाक्य तयार ठेवलं होतं असंही नाही. ते तिथेच, जीपवाला कल्याण-कल्याण ओरडत असताना, जुळवायचा मी प्रयत्न करत होतो. ते जुळलं नाही. त्याऐवजी मी म्हणालो, "हिला मोठी झाली की पाठव क्लासला. हिची फी मी घेणार नाही."

ती माझ्याकडे बघून हसली. रागाचं हसणं नव्हतं.

"फी घ्या सर," ती म्हणाली. "सगळ्यांची घेता तेवढी घ्या. नाय तर पोरं तिला चटया उचलायला लावतील."

मग तिनं मुलीला खांद्यावर घेतलं. चढता चढता म्हणाली, "कार्ड आता येगळं झालंय माझं." कुठल्या रंगाचं, ते तिनं सांगितलं नाही. विचारायची मला सवय होती, तरी मी विचारलं नाही. जीप गेली. शहापूरच्या गाडीला अजून वेळ होता, आणि मी तिथेच उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतल्या कपाटातून फाईल काढली. तिच्या वर्षाचं पान सापडायला वेळ लागला, कारण ते तिच्या नावानं नव्हतंच. मामांचं नाव, मामांचा काळपट पडलेला फोटो, आणि कोपऱ्यात माझ्या अक्षरात लाल पेननं, केशरी. फाईलमध्ये तीनशेच्या वर पानं होती आणि सगळी पहिलीच पानं होती. आतलं पान मी कुणाकडूनच कधी मागितलं नव्हतं. जे पान तिनं वहीत सांभाळून आणून माझ्या हातात दिलं होतं ते एकच होतं, हे तिला माहीत होतं. तिच्या आईनं विचारलं आणि मी वाचलं म्हणालो, तेव्हा खिडकीपाशी उभ्या असलेल्या तिला ते माहीत होतं. आणि त्यानंतरच्या सोमवारी येऊन तिनं माझ्या लहान मुलांचा अर्धा तास घेतला होता.

मी पान फाईलमधून काढून उलटून बघितलं. मागची बाजू कोरी होती. ते पुन्हा होतं तिथे लावलं, आणि तक्ता खाली उतरवायला शिपायाला बोलावलं.